हर्बेरियमला पहिल्यांदा जाताना (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

आमच्या येऊरच्या ग्रुपवर पावसाळा लागला की रोजचं एकच. कोणीतरी जंगलात दिसलेल्या झाडाचा फोटो टाकतं, हे काय आहे म्हणून विचारतं, चार जण चार नावं सांगतात, पाचवा ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो, मग कोणीतरी गुड मॉर्निंग टाकतं आणि विषय वाहून जातो. मी दोन-तीनदा बोलले की बाबांनो हर्बेरियमला जाऊन शीट बघा, तर पर्सनलवर मेसेज आले की तिथे आम्हाला आत घेतात का, जायचं कसं, तिथे नक्की करायचं काय. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहितेय.

हर्बेरियम म्हणजे दाबून सुकवलेल्या झाडांचा संग्रह. एक जाड कागद, साधारण ४२ बाय २९ सेंटीमीटरचा, त्यावर फांदी किंवा अख्खं रोप चिकटवलेलं नाहीतर दोऱ्याने शिवलेलं, आणि खालच्या कोपऱ्यात लेबल. याला शीट म्हणतात. अशा हजारो-लाखो शीट कपाटात आडव्या रचलेल्या असतात. हे म्युझियम नाही, काचेच्या पलीकडून बघून पुढे सरकायचं असं काही नसतं, इथे टेबलावर शीट मांडून बसून काम करायचं असतं. शाळेत आपण वहीत पानं चिकटवून नेली होती ना तोच प्रकार, फक्त इथे शंभर वर्षांपूर्वीचं पान आजही कामाला येतं.

आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं हर्बेरियम म्हणजे मुंबईतल्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम. एथेलबर्ट ब्लॅटर नावाचे स्विस जेझुइट फादर होते, त्यांच्या नावाचं, सुरुवात १९०६ ची. पश्चिम भारतातल्या झाडांसाठी याला तोड नाही. जायला सोपं, ठाण्याहून फास्ट लोकल, वाशी-नेरूळ-पनवेलवाल्यांना हार्बर, दोन्ही सीएसएमटीलाच जातात, तिथून महापालिकेच्या बिल्डिंगकडून महापालिका मार्गाने मेट्रो सिनेमाच्या दिशेने सरळ चालत सुटायचं, दहा मिनिटांत कॉलेज. दुसरं पुण्याला, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, हे १९५५ पासूनचं सरकारी ऑफिस आहे, कोरेगाव पार्क भागात, पुणे स्टेशनवरून रिक्षाने जवळच पडतं. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेचंही आहे. शिवाय बऱ्याच कॉलेजांच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये दोन-चार कपाटं असतात, ती कमी लेखू नका, लोकल भागातली झाडं तिथेच चांगली सापडतात आणि आपल्या ओळखीच्या मॅडम असल्या तर कामही पटकन होतं.

प्रत्येक नोंदणीकृत हर्बेरियमला एक छोटा कोड असतो, जगभरात तोच चालतो. ब्लॅटरचा बीएलएटी, पुण्याच्या सर्वेक्षणाचा बीएसआय, हावड्याच्या राष्ट्रीय हर्बेरियमचा सीएएल, लंडनच्या क्यू गार्डनचा नुसता के. इंडेक्स हर्बेरियोरम नावाची यादी आहे, न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनवाले ती चालवतात, ऑनलाइन फुकट बघता येते, कोड टाकला की पत्ता आणि कोणाला लिहायचं ते मिळतं. हा कोड पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. असंच उठून जायचं नाही. आधी मेल करायचा, आणि मेलमध्ये "मला वनस्पतींची आवड आहे, बघायला यायचंय" असं लिहिलंत तर समोरच्या माणसाला काहीच करता येत नाही, कारण बघणार काय? मेलमध्ये नेमकं हवं: मी अमुक, ठाण्यात राहते, येऊर आणि घोडबंदर भागातली कारवी आणि तिच्या जवळच्या जाती बघायच्यात, या या नावांच्या शीट हव्यात, अमुक-तमुक दोन तारखांपैकी कोणतीही चालेल, फोटो काढायची परवानगी हवी, काहीही तोडायचं-कापायचं नाही. विद्यार्थी असाल तर गाइडचं किंवा डिपार्टमेंटचं पत्र जोडा, नसाल तर प्रामाणिकपणे हौशी आहे म्हणून लिहा, हौशी असणं हा गुन्हा नाही, पण काय हवंय ते माहीत नसणं हे मात्र त्यांच्या डोक्याला ताप. उत्तर यायला वेळ लागतो, तिथे माणसं कमी असतात. परीक्षेच्या दिवसांत आणि सुट्ट्यांत कॉलेजच्या हर्बेरियमला विचारूच नका. आणि रविवारी बंद, त्यामुळे मेगाब्लॉकचं टेन्शन तेवढं नाही.

जायच्या आधी घरी बसून जेवढं होईल तेवढं उरकून घ्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम नावाची साइट आहे, क्यूच्या शीटचे फोटो ऑनलाइन आहेत, जीबिफ नावाच्या साइटवर जगभरच्या नोंदी एकत्र शोधता येतात. कधीकधी जे बघायला दिवसाची रजा टाकणार होतात ते घरीच मिळून जातं. नाही मिळालं तरी नावांची यादी तयार होते, आणि ती यादी म्हणजे अर्धं काम. कारण हर्बेरियममध्ये झाड आजच्या नावाने ठेवलेलं असेलच असं नाही.

उदाहरण देते. कारवीचं आजचं नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा, पण १९४४ मध्ये तिला वेगळी काढून कार्व्हिया कॅलोसा केलं होतं, मग पुन्हा परत आणली, तर शीट दोन्ही ठिकाणी असू शकते, दोन्ही नावं यादीत हवीत. त्याहून मजेशीर आपल्या खाडीतलं तिवर. ऐरोली, वाशी, नेरूळला खाडीकाठी जे दिसतं ते ॲव्हिसेनिया. आजच्या वर्गीकरणात ते ॲकँथेसी कुळात, म्हणजे कारवीच्याच कुळात. पण आपल्याकडची बरीच जुनी हर्बेरियम बेंथम आणि हूकर या दोन ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जुन्या पद्धतीने लावलेली आहेत आणि त्या पद्धतीत तिवर व्हर्बिनेसीत, निर्गुडी आणि सागाच्या शेजारी. मध्येच काही जणांनी त्याचं स्वतंत्र कूळच केलं होतं. म्हणजे तुम्ही ॲकँथेसीच्या कपाटात दिवसभर शोधलंत तरी तिवर मिळणार नाही, आणि तुम्ही घरी येऊन सांगणार की त्यांच्याकडे तिवरच नाही! तेव्हा गेल्या गेल्या विचारा, कपाटं कोणत्या पद्धतीने लावलीत. हा एक प्रश्न विचारलात की समोरच्यालाही कळतं की हा माणूस तयारी करून आलाय.

बरोबर काय न्यायचं. दहापट भिंग, पट्टी, पेन्सिल, वही, चार्ज केलेला फोन किंवा कॅमेरा, पातळ हातमोजे. पेन बॅगेतच राहू द्या, टेबलावर फक्त पेन्सिल. डबा, पाण्याची बाटली बाहेर. आणि ताजं झाड आत न्यायचं नाही, कधीच नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतेच आता. पहिल्या खेपेला, कुठल्या हर्बेरियमला ते सोडा, मी आमच्या सोसायटीच्या मागच्या प्लॉटवरून उपटलेली तीन रोपं ओल्या पेपरात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली, म्हटलं शेजारी ठेवून तुलना करू. दारातच थांबवलं. तिथल्या काकांनी शांतपणे विचारलं, ताई यात किडे नाहीत याची गॅरंटी आहे का? कशी असणार. सुकलेल्या झाडावर जगणारे बारके भुंगेरे असतात, सिगारेट बीटल वगैरे, म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यात होतात ना तसलेच, एक जरी आत गेला तरी कपाटच्या कपाटं पोखरतो. म्हणून नवीन शीट आत घ्यायच्या आधी कित्येक ठिकाणी डीप फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवतात. माझी पिशवी दिवसभर बाहेरच्या स्टुलावर राहिली आणि संध्याकाळी तिची भाजी झाली होती. तुलना करायची असेल तर रोपाचे चांगले फोटो न्या, पान पुढून-मागून, फूल उघडून, देठ, सगळं पट्टी ठेवून. किंवा घरी नीट दाबून सुकवलेला नमुना न्यायचा असेल तर मेलमध्येच आधी विचारा.

यातच एक सांगून टाकते. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे. खाडीतल्या कांदळवनाचंही तसंच, ते संरक्षित आहे. एकच फांदी तर घेतली, हे तिथे चालत नाही, आणि अशा नमुन्यावर पुढे काही लिहायचं म्हटलं तर पहिला प्रश्न परवानगीचाच येतो.

आत गेल्यावर शीट हाताळायची पद्धत. वहीची पानं उलटतो तशी शीट उलटायची नाही, उलटी केली की सुटलेली पाकळी, बी, सगळं खाली. गठ्ठा टेबलावर ठेवायचा, वरची शीट दोन्ही हातांनी आडवी उचलायची, बाजूला सरळच ठेवायची, त्यावर पुढची. म्हणजे शेवटी क्रम उलटा होतो, तर परत ठेवताना तसाच फिरवून आणायचा. शीटवर कोपर टेकायचं नाही, शीटवर वही ठेवून लिहायचं नाही (हे सगळे करतात, मीही केलंय). काही तुकडा सुटलेला दिसला तर शीटला चिकटवलेलं छोटं कागदी पाकीट असतं, त्यात ठेवायचा, पण आधी तिथल्या माणसाला दाखवून. आणि शीट स्वतः परत कपाटात घालू नका, टेबलावर ठेवा, ते घालतील. चुकीच्या खणात गेलेली शीट म्हणजे हरवलेलीच शीट.

लाल काठाच्या किंवा लाल फोल्डरमधल्या शीट दिसल्या तर त्या टाइप. म्हणजे त्या जातीचं नाव ज्या नमुन्यावरून ठेवलं तो मूळ नमुना. त्याला हात लावायच्या आधी विचारायचंच, बऱ्याच ठिकाणी त्या वेगळ्या कुलपात असतात आणि त्याऐवजी स्कॅन दाखवतात. स्कॅनवर काम होत असेल तर हट्ट करू नका.

आता लेबल. माझं तर मत असं आहे की नवीन माणूस झाड बघत बसतो आणि लेबलचा नुसता फोटो काढतो, खरं तर उलटं पाहिजे. झाड सुकून तपकिरी झालेलं असतं, फुलाचा रंग गेलेला असतो, लेबलवरच लिहिलेलं असतं की फूल निळं होतं, झाड दहा फूट उंच होतं, ओढ्याच्या काठी होतं. लेबलवर गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा स्वतःचा नंबर असतो, आणि शीटवर कुठेतरी हर्बेरियमचा शिक्का नि वेगळा नंबर असतो. हे दोन नंबर वेगळे आहेत, घोळ करू नका. एकाच झाडाच्या चार फांद्या चार हर्बेरियमना गेल्या तर गोळा करणाऱ्याचा नंबर चारही ठिकाणी तोच राहतो, संग्रहाचा नंबर प्रत्येक ठिकाणी वेगळा. एस.एन. लिहिलं असेल तर नंबर दिलेलाच नाही असं समजायचं. डेट. म्हणजे तारीख नव्हे, ते कोणी ओळखलं ते. तारखेत महिना बऱ्याचदा रोमन आकड्यात असतो, म्हणजे १२, मग आठचा रोमन आकडा, मग १९१८, असं दिसलं तर १२ ऑगस्ट १९१८. ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची जुन्या लेबलवर फुटांत असते, मीटर समजलात तर येऊरचा डोंगर सह्याद्रीला मागे टाकेल.

आणि गावांची नावं, इथे आपण ठाणे-नवी मुंबईवाले फार फसतो. नवी मुंबई असं जुन्या लेबलवर शोधू नका, ते शहर वसवणारी सिडकोच मुळी १९७० ची. बेलापूर, पनवेल असं गावाच्या नावाने शोधा. ठाणे शहर साष्टी बेटावर आहे, त्यामुळे लेबलवर नुसतं सालसेट असू शकतं, ठाण्याचं स्पेलिंग थाना किंवा टॅना. ठाणे जिल्हा लिहिलं असेल तर त्यात आजचा पालघरही येतो, तो १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, म्हणजे डहाणूची शीटसुद्धा ठाणे जिल्हाच. बसीन म्हणजे वसई. कुलाबा दिसलं की लगेच ससून डॉकच्या बाजूचं कुलाबा समजू नका, रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, पनवेल-उरणच्या शीट तिथे सापडतील. आणि माझा आवडता सापळा, ट्रॉम्बे. मराठीत ट्रॉम्बेलाही तुर्भेच म्हणतात, तर कोणीतरी यादी करताना ते मराठीत तुर्भे लिहितो आणि दुसरा ते वाचून खाडीच्या अलीकडे नवी मुंबईत टाकतो. झाड मुंबईचं, नकाशावर ठिपका वाशीशेजारी! तेव्हा लेबलवर जे अक्षरशः आहे तेच आधी उतरवायचं, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी तसंच, आणि आजचं नाव वेगळ्या कॉलममध्ये.

गोळा करणाऱ्यांची नावं वाचताना सुरुवातीला वाटतं सगळे साहेब आणि फादरच होते. तसं नाही. सोनघंटा नावाचं झुडूप आहे आपल्या सह्याद्रीतलं, त्याचं शास्त्रीय नाव ॲब्युटिलॉन रानडेई, १८९४ मध्ये ठेवलेलं, ते एन. बी. रानडे यांच्या नावावरून. अशी नावं लेबलवर शोधा, मजा येते.

मूळ लेबलशिवाय शीटवर छोट्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, नंतर कोणीतरी येऊन हे अमुक नाही तमुक आहे असं सही-तारखेसह लिहून गेलेला असतो. एका शीटवर तीन-तीन चिठ्ठ्या, तिघांचं तीन मत. आमच्या ग्रुपसारखंच, फक्त भांडण साठ वर्षं चाललेलं आणि कोणाचं म्हणणं पुसलेलं नाही. सगळ्या चिठ्ठ्यांची नोंद करायची, फक्त शेवटची नाही. तुम्हाला वाटलं की ओळख चुकलीय तर शीटवर काहीही लिहायचं नाही, तिथल्या लोकांना सांगायचं, त्यांना पटलं तर ते चिठ्ठी देतील.

फोटो काढताना आधी पूर्ण शीट, मग लेबल जवळून, मग चिठ्ठ्या, शिक्का आणि नंबर, मग फूल-फळ पट्टी ठेवून. याच क्रमाने, प्रत्येक शीटला. मी त्या पहिल्या खेपेला दोनशेच्या वर फोटो काढून आणले आणि घरी बघते तर कुठली फुलं कुठल्या शीटची पत्ता नाही, पन्नासेक लेबलं हललेली. तो अख्खा दिवस पाण्यात. आता मी दर शीटनंतर वहीत एक ओळ लिहिते आणि फोटोचा नंबर टाकते. दिवसात पंचवीस-तीस शीट नीट होतात, त्याहून जास्त होत असतील तर तुम्ही बघत नाही आहात. फूल उघडून बघायचं असेल तर सुकलेलं फूल गरम पाण्यात मऊ करून उघडतात, पण ते स्वतःच्या मनाने नाही, लेखी परवानगी लागते, आणि पाकिटात सुटं पडलेलं फूल असेल तर बहुतेक त्यातलंच देतात. डीएनएसाठी पानाचा तुकडा हवा असेल तर तो वेगळाच अर्ज.

काय शोधायला जावं असं विचाराल तर आपल्या भागासाठी मला कारवी फार आवडते. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, येऊर-बोरिवलीकडे २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. मग आठ-आठने मागे जा, १९२०, १९१२ अशी वर्षं येतात. फुलं असलेल्या कारवीच्या जुन्या शीट काढायच्या, ठिकाण आणि वर्ष लिहायचं आणि बघायचं हिशेब बसतो का. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा. सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत, आणि चुकार झाडं मधल्या वर्षी पण फुलतात, त्यामुळे एका शीटवरून काही ठरत नाही. दुसरं म्हणजे गोळा करणारा माणूस जिथे रेल्वे आणि रस्ता होता तिथे जायचा आणि फूल दिसलं की तोडायचा, बिनफुलाची कारवी कशाला आणेल तो. म्हणून अमुक वर्षाची शीट नाही म्हणजे त्या वर्षी फुललीच नाही असं लिहू नका. ही चूक छापलेल्या रिपोर्टमध्येही बघितलीय मी.

परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेच वहीतल्या नोंदी शीटमध्ये टाकायला घ्या, म्हणजे गुगल शीटमध्ये, नाही मिळालं तर त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही. कुठे लिहिताना गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा नंबर आणि कंसात हर्बेरियमचा कोड असं लिहायचं, एवढ्याने जगात कोणीही तीच शीट काढून तुमचं म्हणणं तपासू शकतो. आणि जे काही तयार होईल त्याची कॉपी हर्बेरियमला पाठवा, पुढच्या वेळी मेलला उत्तर लवकर येतं हा स्वानुभव.

हो, एक राहिलंच. जुन्या शीट किड्यांपासून वाचवायला आपल्याकडे वर्षानुवर्षं मर्क्युरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवायचे, म्हणजे पाऱ्याचं विष, आणि ते शीटवर अजून असतं. कपाट उघडल्यावर नाकात जातो तो डांबरगोळ्यांचा वास, हे विष वासाने कळत नाही. म्हणून हातमोजे सांगितले, म्हणून पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर ती घरी ठेवून या, आणि बाहेर पडल्यावर सीएसएमटीच्या वडापावला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवा.